झोपवू नका

“हिला पूर्ण भूल द्यावी लागेल,” हेरवाडकर म्हणाले.

जिच्याबद्दल म्हणाले ती समोरच्या स्टुलावर बसलेली होती, पण ते बोलले माझ्याशी. तिनं मान वर केली. चष्म्याच्या काचा इतक्या जाड होत्या की त्यामागचे डोळे वाटाण्याएवढे दिसत होते. पोट पुढं आलेलं, मनगटापासून निम्म्या हातापर्यंत हिरव्यागार बांगड्या. सातव्या महिन्याची ओटी नुकतीच भरलेली असणार हे कुणालाही कळलं असतं.

“मला झोपवू नगा,” ती म्हणाली.

हेरवाडकरांनी ते ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं. मीही सोडून दिलं. ऑपरेशनला येणारा प्रत्येक माणूस काही ना काही नको म्हणतोच. कुणाला सुई नको असते, कुणाला मास्क नको असतो, आणि कुणाला मुळात तिथं यायचंच नसतं.

मी तेव्हा मिरजेत भूल देत फिरत असे. फिरत असे हाच शब्द बरोबर. भूल देणाऱ्या डॉक्टरला स्वतःचं हॉस्पिटल नसतं. ज्याच्याकडे ऑपरेशन असेल तो फोन करतो आणि आपण आपली पेटी उचलून जायचं. त्या दिवशी एक हर्निया आणि एक गर्भपिशवी उरकून मी हेरवाडकरांच्या डोळ्यांच्या दवाखान्यात आले होते. पाठ दुखत होती, जेवणाचा डबा गाडीत तसाच पडला होता, आणि घरी जाऊन आडवं व्हावं याखेरीज डोक्यात काही नव्हतं. पन्नाशी ओलांडल्यावर थकवा दुपारी येत नाही, तो सकाळी चहाबरोबरच येऊन बसतो.

मुलीचं नाव मालन. जतच्या पुढच्या एका गावची. नवरा संपत वडापची जीप चालवायचा, गावोगावची माणसं कोंबून बाजारापर्यंत नेणारी. तो दारात टोपी हातात धरून उभा होता. त्याच्या पुढं त्याची आई, हौसाबाई, नऊवारी नेसलेली, कपाळावर ठसठशीत कुंकू. मालन तिला आत्या म्हणायची.

गोष्ट साधी होती आणि वाईट होती. मालनचा उजवा डोळा लहानपणीच गेलेला. डाव्यावर सगळा संसार चाललेला. त्या डाव्या डोळ्यात गेले काही दिवस खालून काळी सावली वर चढत होती. आधी तिला चुलीचं तोंड दिसेना, मग ताटातली भाकरी. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला जो पडदा असतो, ज्यावर चित्र उमटतं, तो सुटत चालला होता. मधोमध पोचायच्या आत तो पुन्हा चिकटवला नाही तर सावली सगळा डोळा गिळणार होती. बाळंतपण होईपर्यंत थांबायची सोय नव्हती.

हेरवाडकर डोळ्याभोवती बाहेरून सिलिकॉनची पट्टी आवळून शिवणार होते. दीड-दोन तासांचं काम. डोळा हवा तसा फिरवावा लागतो, ओढावा लागतो, आणि माणूस एवढासा हलला तर टाका नको तिथं शिरतो.

“एकच डोळा आहे, मॅडम,” ते मला बाजूला घेऊन म्हणाले. “मला ती दगडासारखी पडलेली पाहिजे.”

सर्जनला सगळे पेशंट दगडासारखे पाहिजे असतात. दगडाला पुन्हा माणूस करायची जबाबदारी आमची. सात महिन्यांच्या गर्भारणीला पूर्ण भूल द्यायची म्हणजे पोटातलं आंबट वर येऊन फुप्फुसात जायची भीती, बाळाला प्राणवायू कमी पडायची भीती, आणि नंतर अवेळी कळा सुरू व्हायची भीती. दुसरा रस्ता म्हणजे फक्त डोळा बधिर करायचा. त्यासाठी सुई डोळ्याच्या मागं घालतात. पण इतक्या मोठ्या नंबरचा डोळा गोल नसतो, लांबट असतो, अंड्यासारखा. मागं जाताना सुई डोळ्यातच घुसू शकते. एकुलत्या एका डोळ्यात सुई घुसवून मला घरी जायचं नव्हतं.

तिसरी एक रीत होती. वरच्या पातळ आवरणाला छोटी चीर द्यायची आणि बोथट नळीनं औषध डोळ्याच्या मागं सोडायचं. हेरवाडकर ती मद्रासला शिकून आले होते, पण मनापासून त्यांना ती आवडत नव्हती. औषध लवकर उतरतं आणि पेशंट जागा राहतो ही त्यांची तक्रार.

मी परत खोलीत आले तेव्हा हौसाबाई सुनेला समजावत होती. मला पाहून तिनं हात जोडले आणि म्हणाली, “बाई, तुमी तिचं काय ऐकू नगा. सगळं झोपंतच हू द्या. तिला काय कळायला नगो.”

मला ते बरं वाटलं. सुनेला दुखू नये म्हणून जीव टाकणारी सासू आमच्या धंद्यात रोज बघायला मिळत नाही. संपतला विचारलं, तर तो म्हणाला, “मॅडम, तुमी म्हणशीला तसं.” आणि आईकडं पाहिलं.

“तू का नको म्हणतेस?” मी मालनला विचारलं. “झोपलीस तर काही कळणार नाही. जागी राहिलीस तर दोन तास कापडाखाली पडून राहावं लागेल. डोकं हलवायचं नाही, बोलायचं नाही. जबडा हलला की डोळा हलतो.”

“ऱ्हाईन की.”

“खोकला आला तर?”

“दाबीन.”

“दुखलं तर?”

“सोसंन,” ती म्हणाली. “पर झोपवू नगा.”

का, ते काही सांगेना. सासूकडं पाहत नव्हती, नवऱ्याकडं पाहत नव्हती, नुसती मांडीवरच्या हातातल्या बांगड्या एकेक करून मागं सारत होती. हट्टी आहे, एवढंच मला वाटलं. पण हट्टी माणसं टेबलावर स्थिर राहतात हाही अनुभव होता. तिच्या बाजूनं मी उभी राहिले ती काही मायेनं नव्हे. बाळ पोटात असताना पूर्ण भूल देण्याची जी भीती होती, तिच्याशी रात्रभर झुंजायची ताकद माझ्यात उरली नव्हती. मी हेरवाडकरांना म्हटलं, नळीनं औषध सोडा, ती जागी राहील, जबाबदारी माझी. ते तोंड वाकडं करून हो म्हणाले. हौसाबाईचा चेहरा मात्र पडला. दुखेल म्हणून नव्हे, हे मला तेव्हा कळायचं काही कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालन टेबलावर होती. चष्मा काढून बाहेर दिलेला, त्यामुळं तिला मी म्हणजे एक हिरवा ठिपका दिसत असणार. उजव्या कुशीखाली मी उशी सरकवून तिला थोडी डावीकडं कलती केली. गर्भारणीला सरळ उताणं निजवलं की पोटाचं ओझं मोठ्या शिरेवर पडतं आणि रक्तदाब उतरतो. सलाईन लावलं, नाकाशी प्राणवायूची नळी लावली, बोटाला नाडी मोजणारा चिमटा. तिचे हात गार पडले होते.

आता अडचण अशी की तोंडावर कापड आलं की तिचं बोलणं मला ऐकू येणार नव्हतं, आणि तिनं बोलायचंही नव्हतं. एरवी मी पेशंटचा हात धरून बसते. दाबला की समजायचं. पण नाडी, दाब, सलाईन सगळं मलाच बघायचं होतं. दोन हातांत मावेल तेवढंच काम माणूस करतो. माझी नजर तिच्या मनगटावर गेली.

“ह्या किती आहेत गं?”

“आत्यानं भरल्यात. मोजल्या न्हाईत.”

“वाजव बघू.”

तिनं हात हलवला. डोळ्यांच्या दवाखान्यातल्या त्या मुक्या खोलीत तो आवाज अगदी घरच्यासारखा वाटला. मी तिला सांगितलं की डोकं, मान, खांदा काही हलवायचं नाही, फक्त मनगट. खोकला येतोय असं वाटलं, दुखलं, घाबरलीस, काहीही झालं तरी बांगड्या वाजवायच्या. मी तिथंच असेन आणि डॉक्टरांना थांबवेन.

“थांबत्याल?” तिनं विचारलं.

“न थांबून करतील काय. मी त्यांच्यापेक्षा मोठी आहे.”

ती पहिल्यांदा हसली. पुन्हा एकदा वाजवून पाहिल्या तिनं. आणि तेवढ्यात बाहेरून माझ्या नावानं हाक आली. दुपारच्या ऑपरेशनवाल्या डॉक्टरांचा फोन होता, वेळ बदलायची होती, आणि भूलवाल्या बाईनं फोनवर आलंच पाहिजे असा तेव्हाचा रिवाज होता. आतल्या खोलीतून हत्यारांचा डबा घेऊन भोरे सिस्टर येत होत्या. मी त्यांना तिच्याकडं बघा म्हटलं आणि बाहेर गेले.

परत आले तेव्हा डोळ्याभोवती औषध लावून झालं होतं आणि हिरवी कापडं अंथरून झाली होती. मालनचं काही दिसत नव्हतं. एक गोल भोक, त्यात एक डोळा, बाकी कापडाचा डोंगर. हेरवाडकरांनी चीर दिली, नळी घातली, औषध सोडलं. काही वेळानं चिमट्यानं डोळ्याला धरून पाहिलं. तिनं हूं की चूं केलं नाही. डोळा बधिर झाला होता. काम सुरू झालं.

पहिला तास सुरळीत गेला. हेरवाडकर हाताचे चांगले होते, तोंडाचे नव्हते, त्यामुळं खोलीत यंत्राच्या टिकटिकीखेरीज आवाज नव्हता. मी भिंतीला टेकून दाब बघत होते आणि डोळे उघडे ठेवायला लागतील तेवढे उघडे ठेवत होते. स्नायूंना दोरे बांधून झाले, फाटलेली जागा बाहेरून गोठवून झाली, पट्टी डोळ्याभोवती ओवायला घेतली.

मग टिकटिक जलद झाली.

आधी मी तिकडं फारसं लक्ष दिलं नाही. भीतीनं नाडी वाढतेच. पण ती वाढत राहिली. मी कापडाशी वाकून म्हटलं, “मालन, दुखतंय का? दुखत असेल तर बांगड्या वाजव.”

मी कान देऊन ऐकलं. काही वाजलं नाही.

“दुखत नाहीये,” मी हेरवाडकरांना म्हटलं. “घाबरलीय.”

ते हूं म्हणाले आणि टाका ओढला. टिकटिक आणखी पळाली. मी पुन्हा वाकले, पुन्हा तेच विचारलं. पुन्हा शांतता. डोकं तसूभर हललेलं नाही, डोळा जिथल्या तिथं, श्वास तेवढा भरभर. मला वाटलं उशी सरकली असेल, दाब पडत असेल. ती ठीक करायला म्हणून मी कापडाखाली हात घातला, आणि तिचा हात माझ्या हाताला लागला.

तो हात थरथरत नव्हता. तो वाजवत होता. मनगट उजवीकडं, डावीकडं, उजवीकडं, डावीकडं, न थांबता, सारखं. आणि मनगटापासून वर सगळं पांढऱ्या बँडेजमध्ये घट्ट गुंडाळलेलं होतं. वरून चिकटपट्टी.

मला सगळं तत्क्षणी कळलं. आमच्याकडं सवाष्णीला बांगड्या उतरव म्हटलं तर ती ऑपरेशन नको म्हणून उठून जाते. म्हणून सगळीकडं एकच तोडगा: बांगड्यांवर बँडेज गुंडाळायचं, म्हणजे फुटायला नकोत, लागायला नकोत, उतरवायलाही नकोत. भोरे सिस्टर स्वतः बांगड्या घालत नसत, पण दुसरीचा चुडा त्या आपल्या लेकीचा असावा तसा जपत. मी खूण ठरवली तेव्हा त्या आतल्या खोलीत होत्या. त्यांनी आयुष्यभर करत आल्या तेच केलं होतं, तेही जरा जास्तच काळजीनं, कारण पोटुशी बाई होती.

“थांबा,” मी म्हणाले. “हात काढा. औषध उतरलंय. ती कधीपासून सांगतेय.”

हेरवाडकरांचे हात वर आले. मी कात्री घेतली आणि कापडाखालीच बँडेज कापत गेले. शेवटचा वेढा सुटला आणि बांगड्या एकदम वाजायला लागल्या. त्या थांबेचनात. भोरे सिस्टर तिथंच उभ्या होत्या. त्यांच्या तोंडावरचा मास्क आत-बाहेर होताना दिसत होता.

मी तिचं मनगट धरलं आणि सांगितलं की कळलं, आता कुणी हात लावत नाही. हळूहळू तो हात शांत झाला.

“झोपवा, मॅडम,” हेरवाडकर म्हणाले. आवाज खाली आला होता त्यांचा. “अर्ध्यावर आलोय. आता हलली तर सगळं जाईल. जोखीम नको.”

त्यांचं चुकत नव्हतं. उघडा डोळा, बांधलेले स्नायू, अर्धवट ओवलेली पट्टी, आणि जिनं एवढं सोसलंय तिला आणखी सोस म्हणायचं कुठल्या तोंडानं. माझ्या पेटीत सगळं भरून तयार होतं. दोन इंजेक्शनं आणि गळ्यात नळी, बस्स. मला वाटलं आता तीच हो म्हणेल. मी कापडाची कड उचलली. घामानं भिजलेली हनुवटी दिसली.

“मालन, आता झोपवते तुला. खूप सोसलंस.”

“न्हाई.”

“अगं, आता काही अर्थ नाही. बाळाची मी काळजी घेते.”

“झोपवू नगा, बाई.” ओठ हलू न देता बोलायचा प्रयत्न करत होती ती. तेवढ्यातही तिला माझी सूचना आठवत होती. “मागच्या बाळंतपणात झोपवलं हुतं मला. पोट फाडून काढलं. जागी झाले तवर माती दिऊन आल्ते सगळी. मला दावलं बी न्हाई.”

टिकटिक चालू होती.

“पोरगा हुता म्हनं,” ती म्हणाली. “म्हनंच. मला काय ठावं. ह्यो आत हाय तवर मी डोळा मिटणार न्हाई. गेला तर डोळा जाऊ द्या.”

इतक्या वर्षांत हजारो माणसांना मी झोपवलं. झोप म्हणजे दान आहे असं मला वाटायचं. आपण काही क्षण माणसाचं दुःख बाजूला काढून ठेवतो आणि तो उठला की सांगतो, झालं सगळं. झालं सगळं, या शब्दांनी कुणाचा जीव असा तुटला असेल हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. मला एकदम फार थकल्यासारखं झालं, आणि रागही आला, कुणाचा ते कळेना.

“नळी घाला परत,” मी हेरवाडकरांना म्हटलं. “दुप्पट औषध सोडा आणि पाच-दहा मिनिटं थांबा. ती हलणार नाही. आत्तापर्यंत कुठं हलली?”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग त्या एका डोळ्याकडं पाहिलं. नळी मागितली.

उरलेला वेळ मी स्टुलावर बसून तिचं मनगट धरून ठेवलं. दाब भोरे सिस्टरनी पाहिला, सलाईन त्यांनीच बदललं. मध्ये एकदा बांगड्या किणकिणल्या आणि हेरवाडकरांचे हात जिथल्या तिथं थांबले. खोकला होता. तिनं तो सावकाश गिळला आणि माझा अंगठा दाबला, चालू द्या म्हणून. सर्जनला असं हाताच्या इशाऱ्यावर उभं केलेलं मी आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

पट्टी बसली. बाळाचे ठोके व्यवस्थित होते. मालनला वॉर्डात नेल्यावर भोरे सिस्टर खाली पडलेलं बँडेज गोळा करत बराच वेळ वाकून होत्या. मला म्हणाल्या, “तिनं मला म्हटलं होतं हो, बाई, नका बांधू. मला वाटलं फुटतील म्हणून भितेय. मी म्हटलं, असू दे, फुटायच्या नाहीत.” मी चहा मागवा म्हटलं.

बाहेर बाकावर हौसाबाई बसली होती. मला पाहून उठली. डोळ्याचं विचारलं नाही, बाळाचं विचारलं नाही.

“काय बोलली का ती?”

मला पुष्कळ सुनवायचं होतं. म्हातारीला खाली बसवून एकेक शब्द सुनवायचा होता. पण तिनं पदर तोंडाशी धरला होता आणि तिला उत्तर आधीच कळलेलं होतं.

“बोलली,” मी म्हणाले.

ती परत बाकावर बसली. मीही शेजारी बसले. ती समोरच्या भिंतीशी बोलल्यासारखी बोलायला लागली.

“माझी दोन गेली, बाई. दोन्ही मांडीवर दिली हुती मला. बघ म्हनले, शेवटचं बघ. संपतच्या आधीची ती. आजून भाकरी थापताना मधीच तोंड दिसतं. बघितलेलं इसरत न्हाई. म्हनून म्या म्हनलं, हिला दावू नगा. हिनं बघितलं न्हाई तर इसरंल, पोर हाय, पुढं संसार हाय. म्याच नेलं त्याला. संपतला बी हात लावू दिला न्हाई.”

माझा राग कुठं ठेवावा ते मला कळेना. मी उठले, दुपारचं ऑपरेशन होतं. डबा त्या दिवशीही गाडीतच राहिला.

दोनेक महिन्यांनी प्रसूतिगृहातून फोन आला. आधीचं सिझर आहे, पुन्हा सिझरच करायचंय, याल का. गेले तर टेबलावर मालन. मला पाहून उठायलाच लागली. डोळा वाचला होता. सावली गेली होती, चष्म्याचा नंबर तेवढा बदलला होता. ती मला माझ्या चालण्यावरून नाही, तोंडावरून ओळखत होती, आणि ते तिनं दोनदा सांगितलं.

या वेळी वाद झाला नाही. मी तिला कमरेत भूल दिली. खालचं अंग बधिर, वरची मालन जागी. तिथल्या सिस्टर बँडेज घेऊन आल्या तेव्हा मीच त्यांना म्हटलं, राहू दे, वाजल्या तर वाजू देत. आणि बाहेर जाऊन संपतकडून तिचा चष्मा मागून आणला. ऑपरेशनच्या खोलीत पेशंटला चष्मा चालत नाही. मी तो माझ्या खिशात ठेवला.

बाळ रडलं तेव्हा मी तो तिच्या नाकावर बसवला. रीत अशी की बाळ आधी पुसायचं, वजन करायचं, बाहेरच्यांना दाखवायचं, मग आईला. डॉक्टरीणबाईंना मी सांगून ठेवलं होतं. त्यांनी मुलगी तशीच, ओली, तिच्या तोंडाशी धरली. मालननं कपाळ पाहिलं, कान पाहिले, मुठी पाहिल्या, तळपाय पाहिले. बाजारात भाजी निवडतात तसं निगुतीनं, काही म्हणजे काही न सोडता पाहिलं. रडली नाही. मला मात्र मास्क बदलावा लागला.

ट्रॉली बाहेर काढली तेव्हा हौसाबाई दाराशीच उभी होती. मुलगी मालनच्या कुशीत होती. म्हातारी पुढं आली, वाकली, तान्हीला पाहिलं आणि तिच्यावरून हात ओवाळून बोटं आपल्या कानशिलावर मोडली. वॉर्डबॉय ट्रॉली ढकलायला लागला, तेव्हा मालननं हात वर केला. बांगड्या वाजल्या आणि तो थांबला.

“आत्या,” मालन म्हणाली, “त्यो असाच हुता का?”

संपतनं मान खाली घातली. मला वाटलं म्हातारी आता, जाऊ दे, कशाला आज तो विषय, असं काहीतरी म्हणेल. तिचे ओठ तसे हललेही.

“हिच्यापरीस गोरा हुता,” ती म्हणाली. “आन् जावळ लई हुतं त्याला.”

“किती?”

हौसाबाईनं पदर मागं सारला आणि स्वतःच्या कानाच्या पाळीशी बोट नेऊन दाखवलं, इथवर. मालननं चष्मा नीट केला आणि त्या बोटाकडं पाहत राहिली.